जुनं मशीन घेताना लोखंड नको, रबर बघा

जुनी वॉशिंग मशिनं आणि ओट्यावर मावणारे छोटे डिशवॉशर जमवणारे लोक दोन प्रकारचे. काहींना ती पुसून, चकचकीत करून रांगेत मांडायची असतात. काहींना त्यांत रोजचे कपडे आणि रोजची भांडी धुवायची असतात. मी दुसऱ्या गोटातली. त्यामुळे पुढचं सगळं मशीन चालवायला घेणाऱ्यांसाठी आहे. नुसतं शोभेला ठेवायचं असेल तर यातला निम्मा उपद्व्याप टळेल, पण मग मजाही निम्मीच.

नवखा माणूस जुनं मशीन बघायला जातो तेव्हा पत्रा बघतो. रंग उडालाय का, कोपरे गंजलेत का, झाकण पिवळं पडलंय का. पण पत्र्याला पॉलिश पेपर आणि रंग लावता येतो. मोटर जळली तर ती परत भरून मिळते. घात करतं ते रबर. दाराचं गॅस्केट (तोंडाभोवतीचं रबरी कडं), स्पिन टबच्या, म्हणजे पिळायच्या टबच्या, बुडाचा रबरी बेलो (घड्यांची नळी), बेअरिंगच्या पुढचं पाणी अडवणारं ऑइल सील, बेल्ट, पंपाचं सील, प्रेशर स्विचची नळी, पाण्याचे पाइप, मोटरच्या पायांखालची बुशं: पाणी आत आणि वीज कोरडी ठेवण्याचं सगळं काम ही मंडळी करतात. आणि रबर वापरून जितकं झिजतं, त्याहून जास्त ते पडून राहून मरतं. कडक होतं, चिरतं, घडीवर तडकतं. म्हणून विकणारा जेव्हा अभिमानाने सांगतो, "अहो, फार वापरलंच नाही, नुसतं झाकून ठेवलं होतं," तेव्हा मी जास्त सावध होते. रोज राबलेलं, जरा कळकट मशीन मला त्यापेक्षा परवडतं.

पहिलं मशीन कोणतं

दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक घ्या. दोन मोटरी, दोन टायमर, एक बेल्ट, एक ब्रेक आणि पाणी सोडायचा एक व्हॉल्व्ह, एवढाच त्याचा संसार. मागचं झाकण उघडलं की सगळं समोर दिसतं आणि काय कशाला जोडलंय हे बोट फिरवून समजतं. वजनही बेताचं, दोघांत सहज उचलतं.

त्यावर हात बसला की मग यांत्रिक टायमर असलेलं फ्रंट लोडर, म्हणजे समोरून दार असलेलं मशीन. त्याचा टायमर उघडून पाहण्यासारखा असतो. एक चिमुकली मोटर अगदी हळू एक दांडा फिरवते, दांड्यावर खाचा पाडलेल्या चकत्यांची चळत असते, आणि खाच आली की वरची वीज जोडणारी-तोडणारी पत्ती पडते, उंचवटा आला की उचलली जाते. पाणी घ्या, गरम करा, उलटं फिरवा, सोडा, पिळा, हा सगळा कार्यक्रम त्या खाचांत कोरलेला. म्हणूनच त्याची मूठ एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायची आणि मशीन बंद असताना फिरवायची. उलटी फिरवलीत तर पत्त्या वाकतात, आणि वाकलेली पत्ती सरळ करण्याइतकं किचकट काम दुसरं नाही.

इलेक्ट्रॉनिक कार्डाची सुरुवातीची मशिनं मी टाळते. त्यांच्या कार्डात जी चिप असते तिच्यात त्या मशीनचाच कार्यक्रम भरलेला असतो. ती गेली की तेच कार्ड दुसऱ्या मेलेल्या मशीनमधून काढावं लागतं, तेही शाबूत निघालं तर. यांत्रिक टायमर मात्र साफ करता येतो, पत्ती बदलता येते, तारांचे फोटो काढून ठेवले की परत जोडताही येतो.

फारच जुन्याचा मोह असेल तर थोडा इतिहास माहीत असलेला बरा. घरगुती ऑटोमॅटिक मशीन बेंडिक्सने अमेरिकेत १९३७ मध्ये आणलं. ते पिळताना इतकं हादरे की जमिनीला बोल्टने ठोकून ठेवावं लागे. ब्रिटनमध्ये १९४८ साली हूवरने जे छोटं मशीन काढलं, त्यात टबाच्या बाजूच्या भिंतीवर पाणी घुसळणारी चकती होती आणि कपडे पिळायला वर हाताने फिरवायचे रबरी रोलर. आणि माझं लाडकं चक्रम यंत्र म्हणजे थॉर कंपनीचं ऑटोमॅजिक. १९४० च्या दशकातल्या या मशीनमध्ये आतला टब बदलला की कपडे धुणारं मशीन भांडी धुवायला लागे! कल्पना ऐकायला झकास, पण मोजे आणि पेले एकाच यंत्रात धुवायला किती घरं तयार झाली असतील कोण जाणे.

रोलरवालं मशीन मिळालंच तर आधी त्याची सुटका-कळ तपासा. कळ दाबताच रोलर झटक्यात एकमेकांपासून दूर झाले पाहिजेत. विजेवर फिरणारे रोलर असतील तर ही कळ चालेपर्यंत त्यांना हात लावू नका. मोकळे केस आणि सैल बाह्या तर कधीच नकोत.

पाटी वाचल्याशिवाय पैसे देऊ नका

प्रत्येक मशीनच्या पाठीवर किंवा दाराच्या कडेला एक पाटी असते. तिच्यावर मॉडेल नंबर, व्होल्ट, वॅट आणि हर्ट्झ लिहिलेले असतात. बहुतेक लोक व्होल्ट वाचून थांबतात. हर्ट्झ, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते तो आकडा, त्याहून महत्त्वाचा. ११० ते १२० व्होल्टचं मशीन २२० ते २४० च्या घरात ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण ट्रान्सफॉर्मर हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेला टायमर ५० वर लावला की त्याची दहा मिनिटं बारा होतात. ते चालून जाईल. पण साधी इंडक्शन मोटर त्याच हिशोबाने हळू फिरते आणि जास्त तापते, आणि ते चालून जात नाही. कार्बन ब्रशवाल्या मोटरला हर्ट्झचं सोयरसुतक नसतं, पण त्याच मशीनमधला पंप आणि टायमर यांना असतं. देशाबाहेरून मशीन आणायचं मनात असेल तर हा हिशोब आधी करा.

पाण्याच्या जोडणीचंही तसंच. इनलेट पाइपचा आटा बहुतेक ठिकाणी पाऊण इंचाचा, पण अमेरिकन बागेच्या पाइपचा पाऊण इंची आटा वेगळा. त्याचे एका इंचात साडेअकरा वेढे, दुसऱ्याचे चौदा. दोन वेढे बसतात, मग अडकतात, आणि जोर लावला की प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह चिरतो. मध्ये अॅडॉप्टर घाला.

बघायला गेल्यावर

वीज लावायच्या आधी हात वापरा. ड्रम हाताने हळू फिरवा आणि कान लावा. घरघर किंवा खरखर ऐकू आली तर बेअरिंग गेलंय. मग ड्रमची पुढची कड धरून वर-खाली हलवा. ड्रमबरोबर अख्खा टब हलला तर ठीक, नुसता ड्रम टबात खडखडला तर बेअरिंगचं काम पक्कं. खाली वाकून टबाच्या मागच्या बाजूला टॉर्च मारा. मधल्या दांड्यापासून खाली उतरलेली गंजाची तपकिरी रेघ दिसली तर ऑइल सीलमधून पाणी गळून बेअरिंगपर्यंत पोचलं आहे.

गॅस्केटची घडी बोटांनी उघडा. काळे डाग पुसले जातात, ते सोडून द्या. घडीच्या तळाशी बारीक चिरा आहेत का ते बघा. रबर दुमडल्यावर पटकन परत येतं की तसंच राहतं? तसंच राहत असेल तर भाव पाडायला तेवढं कारण पुरतं.

दोन टबांच्या मशीनमध्ये स्पिन टब चालू करून मध्येच झाकण उघडा. काही सेकंदांत टब थांबला पाहिजे. थांबत नसेल तर ब्रेकची तार सैल आहे किंवा पट्टा झिजलाय. दुरुस्ती सोपी आहे, पण होईपर्यंत त्यात हात घालायचा नाही. फिरत्या टबात अडकलेला कपडा हाताभोवती गुंडाळला गेला तर सुटत नाही.

शक्य असेल तर पाणी भरून पंधरा मिनिटं तसंच ठेवायला सांगा आणि खाली फडकं पसरा. विकणाऱ्याशी गप्पा मारायला हा वेळ उत्तम. मशीन कुठे उभं होतं, शेवटचं कधी चाललं, कोणी उघडलं होतं का, पुस्तिका शिल्लक आहे का, हे सगळं तेवढ्यात निघतं.

न्यायच्या वेळी फ्रंट लोडरचा टब बांधल्याशिवाय गाडीत चढवू नका. हा टब स्प्रिंगांना लटकलेला असतो आणि त्यावर काँक्रीटची वजनं असतात, म्हणून तर मशीन ६०-८० किलो भरतं. कारखान्यातून येताना त्याला वाहतुकीचे बोल्ट असतात, जुन्या मशीनचे ते कधीच हरवलेले असतात. मग दारातून ड्रममध्ये उशा ठासा, वरचं झाकण काढून टब आणि पत्रा यांच्यात थर्माकोल किंवा गाद्यांचे तुकडे कोंबा. उभंच न्या. आडवं न्यायची वेळ आलीच तर आधी सगळं पाणी काढा.

घरी आल्यावर, वीज लावायच्या आधी

मशीन मागून उघडा आणि फोटो काढा. प्रत्येक तार, प्रत्येक रंग. नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

तारांवरचं जुनं रबरी किंवा कापडी आवरण बोटाने वाकवून बघा. भुगा पडत असेल तर ती तार बदलायची. अर्थिंगची तार पत्र्याला घट्ट हवी, आणि तिच्याखालचा रंग खरवडलेला हवा. मग इन्सुलेशन टेस्टर, कारागीर ज्याला मेगर म्हणतात तो, ५०० व्होल्टवर लावून फेज-न्यूट्रल एकत्र आणि अर्थ यांच्यामध्ये मोजा. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला तर वीज लावू नका. इलेक्ट्रॉनिक कार्ड असेल तर ते आधी सोडवा, नाहीतर टेस्टच त्याला मारेल. हे उपकरण नसेल किंवा येत नसेल तर वायरमनला बोलवा. यात कमीपणा नाही. आणि ज्या बोर्डावर जुनी मशिनं चालवणार त्याला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलीच पाहिजे, यावर मी कोणाशी वाद घालत नाही.

आकडा कमी आला तर पहिला संशय हीटरवर. त्याच्या नळीत तारेभोवती जी पांढरी पूड भरलेली असते ती पडून पडून हवेतलं दमट पाणी शोषते. हीटर सोडवा, त्याचं रबर काढा आणि ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या थोडं वर काही तास ठेवा. बहुतेक वेळा आकडा सुधारतो. नाही सुधारला तर हीटर नवा.

मोटरला फिरायला मदत करणारा डबा म्हणजे कपॅसिटर. त्याला प्लग काढल्यावरही हात लावू नका, त्यात वीज साठून राहते. स्क्रू ड्रायव्हरने ठिणगी पाडून तो रिकामा करायची पद्धत सर्रास आहे, मला ती पसंत नाही. दहा-पंधरा किलोओहमचा जाडजूड रेझिस्टर दोन्ही टोकांना काही सेकंद धरा, मल्टीमीटरने शून्य बघा, मग काढा. नवा घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा आकडा तेवढा किंवा जास्त. मोटर गुणगुणते पण फिरत नाही आणि हाताने ढकलल्यावर फिरायला लागते, असं असेल तर दोष जवळजवळ नक्की कपॅसिटरचा.

फार जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं विषारी तेल असू शकतं. अमेरिकेत त्याच्या उत्पादनावर १९७९ मध्ये बंदी आली, त्याच्या आधीचा तेलकट ओघळलेला डबा दिसला तर हातमोजे घालून जाड पिशवीत बंद करा आणि घातक कचऱ्यात द्या. हीटरजवळचं पांढरं, कापसासारखं जुनं आवरण खरवडायचंही नाही. ते अॅस्बेस्टॉस असू शकतं.

बेअरिंग आणि सील

सगळ्यात जास्त लोक इथे हार मानतात, आणि खरं तर जुन्या मशीनमध्ये हेच काम मनासारखं होतं. पुढच्या काळातल्या बऱ्याच मशिनांचा बाहेरचा टब प्लॅस्टिकचा आणि कायमचा वितळवून जोडलेला असतो, तो उघडतच नाही. जुन्यांचा टब बोल्टचा.

मागची पुली काढल्यावर दांडा बाहेर ठोकायचा असतो. पुलीचा बोल्ट परत दोन-चार वेढे आत बसवा आणि ठोके त्याच्यावर मारा, मध्ये लाकडाचा ठोकळा धरून. उघड्या दांड्यावर मारलंत तर त्याचं तोंड पसरतं, आणि मग बोल्टही जात नाही आणि बेअरिंगही.

दोन बेअरिंगं निघतात, ड्रमकडचं मोठं, पुलीकडचं लहान. त्यांच्यावर नंबर असतो: ६२०४, ६२०५, ६२०६, ६३०५ असा काहीतरी. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणा, आतलं भोक मिलिमीटरमध्ये मिळतं. ६२०५ म्हणजे २५ चं भोक, बाहेरून ५२, जाडी १५. मशीनची कंपनी बंद पडून जमाना झाला तरी हे बेअरिंग कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं, कारण ते मशीनचं नसतंच, जगाचं असतं. पत्र्याच्या झाकणाऐवजी दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलं मागा, त्याच्या नंबरपुढे २ आरएस लिहिलेलं असतं. नवं बेअरिंग तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, ते जिथे बसतं ती टबाची खोबण हेअर ड्रायरने गरम करा. ठोकताना बाहेरच्या रिंगवरच ठोका.

आता ऑइल सील. त्याची तीन मापं असतात, आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, आणि ती सीलवर छापलेली असतात. पण नवं सील बसवायच्या आधी दांड्याच्या ज्या पट्ट्यावर सीलची ओठाची कड घासते, त्यावरून नख फिरवा. नख अडकलं, म्हणजे तिथे खाच पडली आहे. अशा दांड्यावर कितीही भारी सील लावलं तरी ते गळणार, आणि नवं बेअरिंग पुन्हा गंजणार. नुसती खडबड असेल तर अगदी बारीक पॉलिश पेपरने गोलाकार घासून बघा. खोल खाच असेल तर दांड्यावरचा तो पट्टा, म्हणजे धातूची बाही, बदलावी लागते. सगळं जुळलं की ओठ पाण्याच्या बाजूला ठेवून, पाण्याने धुऊन न जाणारं ग्रीस भरून सील दाबा. त्याच वेळी ड्रमच्या मागचा अॅल्युमिनियमचा तीन हातांचा स्पायडर नीट बघून घ्या. साबणाच्या पाण्याने तो आतून खाल्ला जातो, आणि तडकलेला स्पायडर पिळताना तुटला तर ड्रम टब फाडतो.

दोन टबांच्या मशीनमध्ये याच जागी रबरी बेलो असतो, स्पिन टबच्या बुडाला, मोटरच्या बरोबर वर. तो फाटला की पाणी थेट मोटरवर. मशीनखाली ओल दिसली आणि धुण्याच्या टबाचा पाइप कोरडा असला तर दोष इथेच.

जुन्या साठ्यातलं, पाकीटही न फोडलेलं रबर मिळालं म्हणून हरखून जाऊ नका. ते पाकिटातही म्हातारं होतं. मी मापं घेऊन आजच्या कारखान्यात बनलेलं सील, ओ-रिंग आणि पाइप शोधते. मूळ कंपनीचं नाव नसलं तरी पाणी अडतं, पुरे. बेल्टचंही तसंच: १२७० जे ५ छापलेलं असेल तर लांबी १२७० मिलिमीटर आणि पाच धारा, त्या नंबरवर कोणाचाही बेल्ट चालतो. खरी पंचाईत असते ती गॅस्केटची, कारण त्याचा आकार त्याच मॉडेलचा. म्हणून मशीन ठरवायच्या आधी त्याचं गॅस्केट मिळतं का ते शोधा.

पाणी थांबतच नाही तेव्हा

हा बिघाड जुन्या मशिनांत इतका नेहमीचा की त्याला वेगळी जागा देते. टबाच्या तळातून एक बारीक नळी वरच्या गोल, चपट्या स्विचकडे जाते. हाच प्रेशर स्विच. पाणी चढलं की नळीतली हवा दबते, हवा पडदा ढकलते, पडदा स्विच पाडतो. लोक स्विच बदलतात, मग व्हॉल्व्ह बदलतात, पाणी येतच राहतं.

प्लग काढा. नळी वरच्या टोकाला सोडवा आणि स्विचच्या तोंडाला दुसरी स्वच्छ नळी लावून अगदी हळू फुंका, गरम चहावर मारतो तेवढीच फुंकर. टक् असा आवाज येईल. आणखी किंचित फुंकलं तर काही मशिनांत दुसरा टक् येतो, तो पाण्याच्या वरच्या पातळीचा. फुंक सोडली की परत टक्. एवढं ऐकू आलं तर स्विच धडधाकट आहे. आता जुन्या नळीतून टबाच्या दिशेने फुंका. हवा जात नसेल तर खालच्या कप्प्यात साबण आणि कपड्यांच्या तंतूंचा राखाडी चोथा बसलाय. तो काढा, गरम पाण्याने धुवा. हवा जाते पण पाणी तरीही थांबत नाही, असं असेल तर नळीला टाचणीएवढं भोक आहे. ती पाण्यात बुडवून फुंकलं की बुडबुडा जागा दाखवतो. जोरात फुंकून पडदा फाडू नका, एवढंच.

उलट तक्रार, म्हणजे मशीन भरतच नाही, त्याचं कारण बरेचदा मशीनमध्ये नसतंच. सांडपाण्याचा पाइप जमिनीवर पडला असेल तर येतं पाणी तसंच निघून जातं. त्याचं तोंड ६० ते ९० सेंटिमीटर उंचीवर अडकवा. आणि इनलेट व्हॉल्व्हच्या तोंडाशी असलेली जाळी काढून धुवा.

यात कपडे धुवायचे कसे

दोन टबांच्या मशीनमध्ये साबण कपड्यांच्या नव्हे, पाण्याच्या हिशोबाने घालतात. एकदा साबणाचं पाणी केलं की त्यात आधी पांढरे, मग फिके, मग गडद, शेवटी पायपुसणी. पाणी कोमट असेल तर बहुतेक सगळं निघतं. मधल्या वेळात आधीचा घाणा पिळून होतो, आणि हीच या मशीनची गंमत आहे: ऑटोमॅटिक दोन तास घेतं तिथे तुमचं सगळं धुणं तासाभरात दोरीवर. मात्र तुम्हाला तिथे उभं राहावं लागतं.

स्पिन टबात कपडे कडेकडेने सारखे दाबून बसवा, वरून प्लॅस्टिकची चकती ठेवा. एकटी चादर किंवा एकटा टॉवेल पिळू नका, टब आदळतो. मशीन धडधडलं तर वरून दाबून धरायचं नाही, बंद करून कपडे परत लावायचे. जुनी फ्रंट लोडर मिनिटाला चारशे-पाचशे फेरेच घेतात, त्यामुळे त्यांतले कपडे ओलसर निघतात. मी ते काढून स्पिन टबात तीन मिनिटं फिरवते.

फ्रंट लोडरमध्ये कमी फेसाचीच पावडर. हाताने धुण्याची पावडर घातली तर फेस दारापर्यंत चढतो, ड्रमचं आपटणं बंद होतं आणि कपडे नुसते फेसात झोके घेत राहतात. अॅजिटेटरवालं मशीन (टबाच्या मधोमध कपडे घुसळणारा खांब असलेलं) लांब चादरींना पीळ घालतं, त्या गुंडाळून नका टाकू, सैल सोडा. लवचिक धाग्याचे आजचे कपडे या सगळ्यांत जाळीच्या पिशवीत घाला. ही मशिनं जाड सुती कपड्यांच्या काळातली आहेत आणि तसंच वागतात.

छोटे डिशवॉशर

भांडी धुण्याच्या यंत्राचं पेटंट जोसेफीन कॉक्रेन यांनी १८८६ मध्ये घेतलं. युरोपात मीलेने विजेवरचं यंत्र १९२९ मध्ये आणलं. पण जमवणाऱ्याच्या हाती लागतात ते त्यानंतरचे बरेच पुढचे. जुन्यांपैकी काहींत फिरते फवारे नसून बुडाशी एक पंखा असतो, तो पाणी भांड्यांवर फेकतो. त्यात ताटल्यांची तोंडं पंख्याकडे हवीत, पालथ्या किंवा एकमेकींना चिकटून ठेवल्या तर तशाच बाहेर येतात.

ओट्यावरचा आजच्या मापाचा डिशवॉशर साधारण ५५ सेंटिमीटर रुंद, ५० खोल आणि ४४ उंच. माप घेताना उघडलेलं दार आणि मागचे पाइप धरा, वरच्या फडताळाची उंचीही मोजा.

घेताना तळाची गाळणी काढून आत बघा. तळ पूर्ण कोरडा, भेगाळलेल्या थराचा असेल तर पंपाचं सील वाळलं असण्याची शक्यता मोठी. फवाऱ्याचा हात काढून हलवा, आत खडखडलं तर क्षार, बिया, काचेचे कण. टूथपिकने भोकं मोकळी करा, भोकं मोठी करू नका. तळपत्र्यात फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगून स्विच दाबणारा तुकडा, असतो. गळकं पाणी त्यात साचलं की मशीन भरायला नकार देतं किंवा पंप सतत चालू ठेवतं. मशीन बिघडलं म्हणून लोक टाकून देतात, आणि आत निघतं काय, तर एक सैल क्लिप आणि वाटीभर पाणी. असं मशीन घेण्यासारखं.

पांढरा थर असेल तर सायट्रिक अॅसिड, रिकाम्या मशीनमध्ये, गरम पाण्याच्या कार्यक्रमात. व्हिनेगर वारंवार नको, ते रबराला मानवत नाही. मिठाच्या टाकीत जाड, शुद्ध, डिशवॉशरचंच मीठ घाला. जेवणातलं बारीक मीठ गोळा होऊन बसतं आणि त्यातले मिसळलेले पदार्थ पाणी मऊ करणाऱ्या रेझिनला चालत नाहीत. मीठ भरल्या भरल्या मशीन चालवा, सांडलेलं मीठ तासाभरातही स्टीलला डाग पाडतं.

डिटर्जंटच्या बाबतीत काळ बदलला आहे आणि मशीन नाही. जुने कार्यक्रम फॉस्फेटच्या पावडरीसाठी आखलेले, छोटे आणि कडक गरम. युरोपियन संघात डिशवॉशरच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर १ जानेवारी २०१७ पासून कडक मर्यादा आहे. आताच्या पावडरीत एन्झाइम असतात, त्यांना मध्यम गरम पाण्यात वेळ लागतो. ६५-७० अंशांच्या झटपट कार्यक्रमात ती कामाला लागण्याआधीच बाद होतात. म्हणून मध्यम तापमानाचा लांब कार्यक्रम निवडा. तो नसेल तर धुणं सुरू होऊन पाणी कोमट झालं की मशीन थांबवा, वीस मिनिटं तसंच राहू द्या, मग पुढे चालू करा. यांत्रिक टायमर हे निमूट ऐकतो. वडीपेक्षा सुटी पावडर बरी, वडी छोट्या कार्यक्रमात विरघळतच नाही. भांडी घासायचा द्रव साबण मात्र चमचाभरही नको, फेस दारातून ओट्यावर येतो.

पडून राहू देऊ नका

माझ्याकडच्या प्रत्येक मशीनच्या पाठीला एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं आहे. त्यावर बेल्टचा नंबर, बेअरिंगचे नंबर, सीलची मापं, कपॅसिटरचा आकडा आणि शेवटचं कधी चालवलं ती तारीख. महिना उलटला की ते मशीन रांगेत पुढे येतं आणि त्या आठवड्याचं धुणं त्यात. सील ओलं झालं पाहिजे, पंप फिरला पाहिजे, टायमरच्या पत्त्या घासल्या पाहिजेत. धुऊन झालं की गॅस्केटची घडी पुसायची, झाकण किंवा दार फटीएवढं उघडं ठेवायचं. पाणी गोठेल अशा थंडीत मशीन बंद राहणार असेल तर पंप आणि पाइप पूर्ण रिकामे करा, आतल्या बर्फाने पंप फुटतो.

महिन्यातून एकदाही चालवता येणार नाहीत एवढी मशिनं घेऊ नका. अपवाद एकच: सुट्या भागांसाठी घेतलेलं त्याच मॉडेलचं दुसरं. तेही अख्खं साठवून जागा अडवण्यापेक्षा लगेच उघडा. टायमर, मोटर, व्हॉल्व्ह, पुली, दाराचं बिजागर आणि कुलूप, सगळे स्क्रू एका डब्यात. दार काढून ठेवा, म्हणजे लहान मूल आत शिरून अडकणार नाही. उरलेला पत्रा भंगारात द्या. काँक्रीटची वजनं मात्र आधीच सोडवून घ्या, भंगारवाला ती तोलून घेत नाही.